चैतीबायची कोवली

नाशिकच्या स्टँडवर पेठमार्गे वापीला जाणाऱ्या गाडीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत झाडपाल्याचे नमुने दाबून सुकवायच्या दोन लाकडी फळ्या होत्या, जुनी वर्तमानपत्रं होती, भावासाठी चिवडा होता आणि भावाचंच पत्र होतं. पत्र मी घरी तीनदा वाचलं होतं, तरी गाडी सुटल्यावर पुन्हा उघडलं. "ताई, तू कधी येणार म्हणून चैतीबाय दोनदा येऊन विचारून गेली. तिच्या खडकावर यंदा कोवली उगवलीच नाही. पाड्यावर अजून कोणी पालेभाजी तोंडात घातलेली नाही. सुट्टी मिळत असेल तर ये."

मी नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. धाकटा भाऊ दिनू सिल्वासाजवळ खडोलीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनीअर आहे. चार वर्षांपूर्वी त्याच्याकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा खडोलीपलीकडच्या पाड्यावरच्या चैतीबायने आठवडाभर मला रान दाखवलं होतं. ती वारली समाजातली, वयाने माझ्या आईएवढी. मला ज्या झाडांची लॅटिन नावं येत होती, त्यांचा पाला कोणत्या जनावराला बाधतो, साल कोणत्या महिन्यात काढायची, हे तिला येत होतं. आठवड्याच्या शेवटी कोण कोणाची विद्यार्थिनी हे ठरवायची गरजच उरली नव्हती.

कोवली म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला उगवणारी रानभाजी. गवतासारखी लांब पानं, खाली पांढरी मुळं. या पाड्यावरची रीत अशी, की ती आधी देवाला दाखवायची, मग घरोघरी शिजवायची, आणि त्यानंतरच बाकीच्या पालेभाज्यांना हात लावायचा. तोवर अंगणात टाकळा गुडघाभर वाढला तरी तो खायचा नाही. पाड्याची कोवली पिढ्यान्‌पिढ्या एकाच खडकावरून यायची, आणि तो खडक चैतीबायच्या घराण्याच्या राखणीत होता.

पेठ सोडलं आणि घाट लागला. आषाढातलं ते रान पाहून मला दर वेळी वाटतं, की आपण वर्गात फळ्यावर जे काढतो ते झाड नव्हेच. सागाची पानं सुपाएवढी झालेली, बांबूचे कोंब झुडपांतून वर डोकावणारे, आणि कपराड्याच्या उतारांवर भाताच्या आवणात, म्हणजे लावणीत, वाकलेल्या बायका. शेजारच्या आजोबांनी मला खिडकीची जागा दिली आणि वर म्हणाले, "तुम्ही बघा, मला रोजचंच आहे." वापी आली ती नाकाला आधी कळली. तिथून सिल्वासाची गाडी धरली. दादराला वनगंगेच्या तळ्यावर कमळं फुललेली दिसली आणि मन जरा निवळलं. सिल्वासाच्या टोकरखाड्यात दिनूच्या घरी पोहोचले तेव्हा त्याच्या बायकोने, सुलभाने, खिचडी आणि कढी तयारच ठेवली होती.

जेवताना दिनू म्हणाला, "ताई, तू येऊन गेल्यावर पहिल्या वर्षी कोवली जोमात आली होती. पुढच्या वर्षी कमी. मागच्या वर्षी चार-दोन पानं. यंदा काहीच नाही."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. कारण चार वर्षांपूर्वी निघायच्या आदल्या दिवशी, चैतीबायचे उपकार फेडायचे म्हणून, मी त्या खडकावर पाटीभर युरिया टाकून आले होते. सुलभाने भेंडीच्या वाफ्यासाठी आणलेल्या पोत्यातला. नत्र हे पानांचं अन्न, असं मी दरवर्षी मुलांना सांगते. भाजी म्हणजे पानंच, तेव्हा युरिया टाकला की भाजी दुप्पट, एवढं सरळ गणित मी मांडलं होतं. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईने वाफा आणि रान यात फरक करू नये याची आज लाज वाटते. तेव्हा मात्र मी स्वतःवर भलतीच खूश होते.

सकाळी दिनूच्या स्कूटरवरून निघालो. खडोलीच्या नाक्यावर चहा प्यायला थांबलो, तर रात्रपाळी संपवून आलेला एक कामगार बाकावर डोळे चोळत बसला होता. धुळ्याकडचा. मी कुठून आले, कशाला आले, सगळं त्याने विचारून घेतलं. धुराचा त्रास होतो का, म्हणून मी विचारलं तर म्हणाला, "डोया चुरचुरतस, ताई (डोळे चुरचुरतात). मंग सवय व्हई जास (मग सवय होऊन जाते)."

"झाडांना सवय होते का?" मी विचारलं.

तो हसला. "झाडं कुठं सुट्टीवर जातात, ताई? रातदिन इथंच."

त्याचं हे बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. नाक्यामागच्या ऐनाच्या झाडांजवळ जाऊन मी साल पाहिली. ऐनाच्या सालीवर दगडफुलाचे करडे-पांढरे चट्टे असतात. मसाल्यात घालतो तेच दगडफूल, त्याचीच भावंडं. इथे एकही चट्टा नव्हता. सालीवर नुसता हिरवट-काळा, बुळबुळीत थर होता. दगडफूल हवेवर जगतं, म्हणून हवा बिघडली की ते आधी जातं. दिनू मागून म्हणाला, "आमच्या चिमणीचा धूर तर दिसतसुद्धा नाही, ताई." मी म्हटलं, न दिसणाऱ्या धुरातही नत्र असतं, ते पावसाबरोबर खाली उतरतं आणि रानाला कोणी न मागता खत मिळत राहतं. त्याने स्कूटरला किक मारली. त्याची नोकरी तिथलीच, त्याने तरी काय बोलावं.

पुढे स्कूटर चिखलात रुतली. ती ढकलताना माझी एक चप्पल चिखलाने कायमची ठेवून घेतली, तेव्हा दुसरीही काढून पिशवीत टाकली आणि अनवाणी पाड्यावर पोहोचले. चैतीबाय ओसरीवर नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ चाळत होती. वाळली होती, पण डोळे तेच, समोरच्याला हळूच चिडवणारे.

"मास्तरीणबाय," माझ्या पायांकडे बघत ती म्हणाली, "शाळेत चपला नाय देत?"

अंगणाच्या कडेला टाकळा माजला होता, कुर्डू वाढला होता. दिनू म्हणाला, "चैतीबाय, एवढी भाजी आहे की. यंदा हीच दाखवा देवाला."

"ही उकिरड्याची," ती शांतपणे म्हणाली. "खायाला चालते. पण देवाला आधी रानाची. आधी त्याला, मंग आपल्याला. आमची पोरां पण थांबलीत, मी काय सांगू त्यांना?"

घरात चुलीवर नागलीच्या भाकरी होत्या, सोबत सुका बोंबील. बाजूला बसलेली तिची सून म्हणाली, की पंधरा दिवस झाले, हेच चाललंय.

आम्ही खडकावर गेलो. चार वर्षांपूर्वी तो काळा कातळ होता, खळग्याखळग्यांत चिमूट चिमूट माती आणि त्यात कोवलीचे ताठ झुपके. आता कातळ दिसतच नव्हता. टाकळा, कुर्डू आणि कमरेएवढं गवत. मी गवत बाजूला सारून वाकून वाकून पाहिलं. खाली अंधार, ओल आणि कुजका पाला. कोवलीला उपाशी जमीन लागते. तिथे तिच्याशी भांडायला कोणी नसतं, म्हणून ती तिथे नांदते. मी जमिनीला जेवायला घातलं, आणि जेवणावळीला भलतेच येऊन बसले. एका पाटीचं खत चार वर्षं पुरत नाही, हे मलाही कळतं. पण टाकळ्याने एकदा पाय रोवला, बी सांडलं, आणि पुढचं दरवर्षीचं खत कारखान्यांच्या चिमण्यांनी पावसातून पोचवलं. सुरुवात मात्र माझी होती.

मी तिथेच खाली बसले. रडू आवरलं नाही. म्हटलं, "चैतीबाय, हे मी केलं. ती पाटी."

"माना ठावं (मला ठाऊक आहे)," ती म्हणाली.

"मग तेव्हा थांबवलं का नाहीस?"

"तू पावनी. मोठ्या हौसेनं टाकत होतीस." तिने टाकळ्याचं एक रोप उपटलं आणि बाजूला टाकलं. "मला वाटलं, रान पचवेल. पयले पचवायचा. पाऊस नीट पडायचा, वाहून न्यायचा. आता पाऊस येतो, दार वाजवतो, नी निघून जातो. मंग पंधरा-पंधरा दिस नाय. कोवलीचा कोंब तेवढ्यात करपतो. हा टाकळा करपत नाय. तू एक पाटी टाकलीस, बाय. वरून रोज पडतंय त्याला कोण बोलणार?"

हवामान बदलतंय असं तेव्हा वर्तमानपत्रांतून कुठे कुठे यायला लागलं होतं, आणि मी ती कात्रणं फायलीत लावत होते. चैतीबायला वाचता येत नव्हतं. तरी पाऊस, खत आणि भाजी या तिन्हींचा धागा तिने माझ्याआधी जोडला होता. मला तिचं एवढं कौतुक वाटलं, की माझ्या चुकीचं दुःख क्षणभर बाजूला पडलं.

मग ती म्हणाली, "चल. आणखी एक जागा हाय. सासूनं दाखवलेली. तिकडची कधी आणली नाय. आज बघते."

दिनूला ओसरीवर सोडून आम्ही दोघी निघालो. ती पुढे, मी अनवाणी मागे. तासभर चढलो असू. कारखान्यांचा आवाज मागे पडला, मग वासही. मी वाटेतल्या ऐनांच्या साली पाहत होते. आधी काळपट, मग कुठे नखाएवढा करडा ठिपका, मग रुपयाएवढा, आणि वरच्या धारेवर तर सबंध खोड दगडफुलाने मढलेलं. त्याखाली किती परीचं नेचं, किती शेवाळं, ऐनाच्या बुंध्याला बिलगलेली आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड. पानांवरून पाणी थेंब थेंब उतरत होतं आणि त्या उजेडात सगळं रान नुकतं न्हाऊन उठल्यासारखं दिसत होतं. असं रान अजून आहे, हे पाहूनच मी सुखावले. फळ्यांची पिशवी खांद्यावर सावरली आणि पुढच्या पावलाला लागले.

चैतीबाय थांबली. "तू इथंच बस."

"मी येते की. काही टाकणार नाही, शपथ."

"तू नाय टाकणार. पण तू लिहिशील. लिहिलं की येतात. एक खत घेऊन येतो, एक कुदळ घेऊन येतो." कोवलीची पांढरी मुळं व्यापारी औषधासाठी खणून नेतात, हे ती आधी बोलली होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रागावू नको. बस."

मी त्या ऐनाखाली बसले. रागावण्याचा हक्क मला नव्हता. ती झाडीत शिरली, आणि तिचा पायरवही लगेच ऐकू येईनासा झाला. किती वेळ गेला कळलं नाही. मनात एकच गोष्ट होती, की तिथेही नसेल तर ही बाई पाड्याला काय सांगणार. मी देवाला फारशी नमस्कार करणारी नाही. त्या दिवशी केला.

ती परतली तेव्हा पदराची ओटी भरलेली होती. तिने ओटी माझ्यापुढे उघडली. लांब, कोवळी, पोपटी पानं. मुळं तिने रानातच राखली होती, एकही उपटलं नव्हतं.

संध्याकाळी सागाच्या पानावर कोवली देवापुढे ठेवली गेली. मग मीठ-मिरची आणि मूठभर डाळ घालून मोठ्या टोपात शिजली, आणि प्रत्येक घराला वाटी-वाटी गेली. किंचित कडसर, तोंडात विरघळणारी. सुनेने टोप पुसून शेवटचा घास मला वाढला. पोरं टाकळा खुडायला अंगणात धावली. दिनूच्या वाट्यालाही घासभर आली. परतताना टोकरखाड्याच्या वळणावर तो एवढंच म्हणाला, "ताई, वरच्या साहेबांशी एकदा बोलून बघतो." ऐकतील की नाही, त्यालाही ठाऊक नव्हतं.

निघताना चैतीबायने पळसाच्या पानात कोवलीची चार पानं बांधून दिली होती. नाशिकला येऊन मी ती दाबली, सुकवली आणि जाड कागदावर चिकटवली. शेजारच्या कागदावर खडकावरचा टाकळा. अशा प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तीन रकाने असतात : नाव, ठिकाण आणि नमुना कोणी गोळा केला ते. टाकळ्याच्या कागदावर मी सगळं भरलं. खडोली, पाडा, कातळ, आणि खाली माझं नाव. कोवलीच्या कागदावर ठिकाण कोरं ठेवलं, आणि गोळा करणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं : चैतीबाय.

कॉलेजातल्या कपाटात ते दोन्ही कागद एकावर एक आहेत. दरवर्षी नवी मुलं विचारतात, की बाई, इथे ठिकाण लिहायचं राहिलंय. मी म्हणते, राहिलेलं नाही.