कमळाबाईंची मुकी वाट

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव लागतं. तिथल्या कमळाबाई मोठ्या धीराच्या, असं सारा गाव म्हणायचा. रोज ऊन कलतीला लागलं की पूजेचं ताट घेऊन त्या सागाच्या रानात शिरत, तासभर चढून डोंगरावरच्या आईपुढे दिवा लावत आणि अंधार पडायच्या आत खाली येत. बरोबर माणूस कुणी नाही. फक्त पाच कुत्री.

हा दिव्याचा मान त्यांच्या घराकडे पिढीजात. सासूबाई सोनाबाई गुडघ्यांनी थकल्या, तेव्हा त्यांनी ताट सुनेच्या हातात दिलं आणि एकच गोष्ट बजावली. "उंबऱ्याच्या भायेर पाय टाकला, का दिवा लागेपर्यंत तोंडातून सबूद काढायचा नाय. काढलास तर आई घरातलं मानूस मागंल."

कमळाबाईंनी तो शब्द पदरात बांधून घेतला. ठेच लागली तरी ओठ मिटलेले.

कुत्री कुणी शिकवली नव्हती. नैवेद्याच्या भाकरीच्या वासानं एक मागे आलं, त्याची पिल्लं आली, अशी ती पलटण जमली. खंड्या पुढे, म्हातारी भुरी पायांत घोटाळत, चांदी आणि बाकीची दोघं दोन्ही बाजूंची झुडपं हुंगत. पाचोळ्यात काही वाजलं की पाचही जणं एकदम भुंकत. कमळाबाईंना बोलायची बंदी होती, कुत्र्यांना नव्हती.

खरं सांगायचं तर गावातलं शेवटचं घर मागे पडलं की कमळाबाईंच्या तळहाताला घाम सुटायचा. ताटातली पळी निरांजनाला लागून किणकिण वाजायची. पहिल्या दिवशी वाजली होती, वीस वर्षांनंतरही वाजत होती. पण धीराची म्हणून नाव झालेल्या बाईनं हे सांगायचं कुणाला? नवरा मिठागरावरून तापानं फणफणत आला तो उठलाच नाही. मुलगा हरेश तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात. घरात माणसं तीन: त्या, हरेश आणि सून मनिषा.

एका माघात रानात बिबट्या आला. वरच्या वाडीतली दोन कुत्री गेली. मग एके दिवशी कमळाबाईंच्या डोळ्यांदेखत पाचोळा फडफडला, चांदीचा एक तुटका आवाज आला, आणि वाटेवर चारच कुत्री उरली.

दुसऱ्या दिवशी जंगल खात्याचा काळूराम अंगणात येऊन बसला.

"काकी, कुत्री नेऊ नका. तो वाटेवर बसतो तो तुमच्यासाठी नाय, कुत्र्यांसाठी. तुमीच त्याला ताट वाढून नेता."

"मग एकटी जाऊ?"

"जाऊच नका. आन जायचंच तर मोठ्यानं बोलत जा. मानसाच्या आवाजाला तो बाजूला होतो."

चुलीपाशी बसलेली मनिषा म्हणाली, "काळूरामदादा, आमच्या आत्यांचं बोलनं सगळं घरातच खपतं. वर न्यायला उरत नाय."

काळूराम हसला. कमळाबाई हसल्या नाहीत.

त्या दिवशी चारही कुत्री पडवीत सुंभानं बांधली. खंड्यानं इतका गळा काढला की शेजारची माणसं बाहेर आली. कमळाबाई ताट घेऊन निघाल्या. एकट्या, आणि मुक्या.

रान तेच होतं, पण कुत्र्यांशिवाय त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. सागाची वाळकी पानं पायाखाली एवढी मोडतात हे आज कळत होतं. ओढ्याशी वर कुठे तरी वानर खाकरलं. मग दुसरं. मग सगळी एकदम गप्प झाली. कमळाबाई थांबल्या, तेव्हा मागे पानं वाजली.

वळून बघतात तो भुरी. सुंभ कुरतडून, तुटका तुकडा गळ्यात ओढत, लंगडत आलेली. कमळाबाईंनी हातानंच तिला परत जायची खूण केली. पण भुरी त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर वाटेच्या वळणावर होती. ती भुंकली नाही. शेपूट पोटाशी घेऊन ती लुगड्यात शिरली आणि थरथर कापू लागली.

वळणावरच्या खडकापाशी बिबट्या बसला होता. मान खाली, खांदे वर. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

कमळाबाईंच्या मनात एकाच वेळी दोन आवाज उठले. काळूरामाचा, की बोला. सासूबाईंचा, की आई मानूस मागंल. हरेशचा चेहरा समोर आला. त्यांनी ओठ आणखी घट्ट मिटले. बिबट्या जमिनीलगत सरकत एक पाऊल पुढे आला. भुरी त्यांच्या पायाशी मुतली.

"हाड," कमळाबाई ओरडल्या. "हाड मेल्या, हो तिकडं. कुत्रं माझं हाय." वीस वर्षं दाबून ठेवलेला आवाज असा फुटला, की त्या स्वतःच दचकल्या. हातातली पळी ताटावर बडवत त्या ओरडतच राहिल्या. बिबट्यानं कान पाडले, अंग वळवलं, आणि तो उताराच्या झुडपांत दिसेनासा झाला.

त्यांनी भुरीला पोरासारखी कडेवर घेतली आणि तशाच वर चढल्या. दिवा लावताना काडी तीनदा विझली. "मी बोलले," त्या आईला म्हणाल्या. "न्यायचं तर मला ने."

बिबट्याचं भय खाली येईपर्यंतच टिकलं. खरं भय घरी होतं. हरेश रात्रपाळीला गेलेला. कारखान्यात वायू सुटल्याच्या गोष्टी त्यानंच सांगितल्या होत्या. कमळाबाई जेवल्या नाहीत. पहाटे उठून त्या नाक्यावर जाऊन उभ्या राहिल्या. नेहमीची बस आली, हरेश उतरला नाही. त्या तिथून हलल्या नाहीत.

पुढच्या बसमधून तो उतरला. "बस चुकली," म्हणाला. "तू इथं कशाला? कोन गेलं काय?"

त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि काही सांगितलं नाही. सांगितलं ते मनिषाला, भांडी घासता घासता, सगळं. शेवटी म्हणाल्या, "मना भेव वाटतं गं. पयल्यापासून वाटतं."

मनिषाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "तुमाला?"

"आज माझ्यासंगं चल. कुत्री नको. बोलत जाऊ."

"आन आईनं मानूस मागितलं तर?"

"मागंल का नाय, मना ठाव नाय. पन मुकी ऱ्हायले असते तर भुरीसंगं मीबी घरी आले नसते. तेबी घरातलंच मानूस."

मनिषा तांब्या उपडा घालून म्हणाली, "एवढ्या लांब बोलायचं काय?"

"काय पन बोल. माझी गाऱ्हानी सांग."

"आत्या, मग एवढी वाट पुरायची नाय."

ऊन कलल्यावर दोघी निघाल्या. शेवटचं घर मागे पडलं तसा कमळाबाईंच्या हातात ताट किणकिणू लागलं. मनिषानं ते एका बाजूनं धरलं आणि पहिलं गाऱ्हाणं सुरू केलं, लग्नातल्या साडीचं, मोठ्यानं.