भिंत वाळेपर्यंत

परदेशातल्या त्या शहरातली सकाळ मला आवाजावरूनच ओळखावी लागे. खिडकीबाहेर धुके, धुक्यामागे कुठेतरी नदी असावी असा अंदाज, आणि खालच्या वळणावर ट्रामचा एक लांब, घासलेला सूर. तेवढ्यावरून मी उठत असे. मेहकरला घरी असतो तर शेजारच्या अंगणातल्या झाडूने आणि भिंतीवर चढलेल्या उन्हाने मला केव्हाच उठवले असते.

चित्रकारांना, शिल्पकारांना काही महिने राहायला आणि काम करायला जागा देणारी ती एक संस्था होती. इमारत जुन्या कापडगिरणीची. मला झोपायला एक लहान खोली आणि कामाला उंच छताची एक खोली मिळाली होती आणि तिच्या भिंतींवर हवे ते करण्याची मोकळीक. अर्जासोबत मी पाठवलेली चित्रे सगळी जुनी होती. गेली कित्येक वर्षे मी शाळेत मुलांना चित्रकला शिकवत आलो आणि स्वतः मात्र एकही चित्र पुरे करू शकलो नव्हतो. पन्नाशी ओलांडल्यावर मिळालेली ही संधी मला एवढ्याचसाठी हवी होती, की हात पुन्हा चालतो का ते पाहावे. आल्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी प्रत्येक नव्या कलाकाराने सर्वांसमोर आपल्या कामाविषयी बोलायचे, अशी तिथली रीत होती.

कोऱ्या कॅनव्हाससमोर दोन दिवस नुसता बसलो. मग एक भिंत पोतारायचे ठरवले. निदान हाताला काही काम मिळेल.

आमच्या वस्तीत एप्रिलातल्या जयंतीच्या आधी घर अन् घर पोतारले जाई. आई पांढरी माती भिजवून, कापडाच्या बोळ्याने तिचा लेप भिंतीवर चढवी. त्या दिवशी सारे घर अंगणात येई. पत्र्याच्या पेट्या, गाद्या, पितळी भांडी, भिंतीवरची तसबीर, सगळे कडुनिंबाखाली. भिंत वाळेपर्यंत घरात कोणी पाऊल टाकायचे नाही. भाकरीसुद्धा बाहेरच खायची. कोणी ओल्या भिंतीला बोट लावले तर आईचा धपाटा पाठीत बसलाच म्हणून समजावे. आत घर रिकामे, थंड, मातीच्या वासाने भरलेले. आणि बाहेर सावलीत आमचा संसार असा पसरलेला, जणू घरच जरा वेळ झाडाखाली येऊन बसले आहे. दुपार टळायच्या आत भिंत पांढरीशुभ्र होई, आणि आम्ही एकेक वस्तू उचलून आत नेत असू.

तिथल्या कुंभारकामाच्या दुकानातून मी पांढरी माती आणली. प्रमाण ठाऊक नव्हते. मी ते काम फक्त पाहिले होते. दिवसभर हात फिरवला. संध्याकाळी माझ्या नकळत मी खुर्ची, किटली, ब्रशांची पिशवी, अंगावरची शाल असे एकेक बाहेर नेले, व्हरांड्यात मांडले, आणि तिथेच ब्रेड खात बसलो. भिंत ओली असताना आत बसता येते, हे माझ्या अंगाला माहीतच नव्हते.

दुसऱ्या दिवशी भिंत ओली होती. तिसऱ्या दिवशीही. तिच्यावर राखाडी, गार चमक तशीच. मी दारातून पाही आणि परत खुर्चीत बसे. धुक्यात दिवस कधी सुरू होई आणि कधी संपे ते कळत नसे, आणि त्या अर्धवट उजेडात मला कित्येकदा वाटे, की मागे वळलो तर कडुनिंब दिसेल.

शेजारच्या खोलीतली शिल्पकार बाई एकदा कॉफी घेऊन आली. "कशाची वाट पाहता आहात?"

माझे इंग्रजी मोजके. मी म्हणालो, "भिंतीची."

तिने मान डोलावली, आपले स्टूल आणले आणि माझ्या बाजूला बसली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे आले. तेही माझ्यासारखे दाराकडे पाहत बसले. संस्थेचे काम पाहणारी बाई येऊन गेली, आणि जाताना अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "फार सुंदर काम आहे. शुक्रवारी आपण सगळे इथेच, व्हरांड्यात बसू."

तेव्हा कुठे मला उमगले. माझे बाहेर बसणे हीच त्यांनी माझी कलाकृती मानली होती.

खरे सांगतो, मला बरे वाटले. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्या कामाला सुंदर म्हटले होते, आणि त्यासाठी मला काहीच करावे लागले नव्हते. मनात वाक्येही जुळू लागली: वाट पाहणे, माती, काळ. चार वाक्यांत शुक्रवार निभावला असता.

त्याच दिवशी पत्नीचा व्हिडिओ कॉल आला. ती मेहकरच्या दवाखान्यात परिचारिका आहे. ड्यूटीवरून नुकतीच आली होती.

"कुठं बसले हो तुम्ही? हा पॅसेज दिसून राह्यला."

"आत भिंत ओली आहे. पोतारली."

"काय? फॉरेनले जाऊन भित पोतारून राह्यले? घरची तं कधी पोतारली नाई!"

"वाळतच नाही गं. काय करावे?"

"मले काय माहीत? आपल्या घरी तं पेंट हाये." ती हसत सुटली. मग जरा थांबून म्हणाली, "पण बाहेर काऊन बसले? थंडी नाई का तिथं?"

"सगळ्यांना आवडले आहे ते. हेच माझे काम, असे समजतात."

"अन् हाये का?"

मी मान वळवून दारातून ओल्या भिंतीकडे पाहिले. "जेवून घ्या," म्हणून तिने फोन ठेवला.

शुक्रवारी व्हरांडा भरला. मी उभा राहिलो. जुळवलेली वाक्ये ओठांवर होती. समोर माझी किटली, शाल, ब्रशांची पिशवी ओळीने मांडलेली. आणि मला एकदम आमच्या पेट्या आठवल्या. सावली सरकल्यावर उन्हात तापलेल्या त्यांच्या पत्र्याला हात लावला की चटका बसे. त्या कोणी पाहाव्यात म्हणून आम्ही बाहेर मांडल्या नव्हत्या. पुन्हा आत नेण्यासाठीच त्या बाहेर आल्या होत्या.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "हे माझे काम नाही. आमच्याकडे भिंत वाळेपर्यंत बाहेर बसतात. ही भिंत वाळत नाही, कारण माझा लेप जाड झाला आणि इथे ऊन नाही. मी तुम्हाला आधीच सांगायला हवे होते. मी पुष्कळ वर्षांत चित्र काढलेले नाही. अजून काहीच सुरू केलेले नाही."

एक तरुण चित्रकार स्पष्टपणे हिरमुसला. संस्थेच्या बाईंनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. शिल्पकार बाई तेवढी खो खो हसली आणि म्हणाली, "म्हणजे मी चार दिवस नुसती बसले होते! माझी पाठ धरली आहे!" मग मीही हसलो.

सगळे पांगल्यावर मी खुर्ची उचलून आत नेली. मग किटली, शाल, पिशवी. भिंत अजून ओली होती. दिव्याच्या उजेडात ती एखाद्या उथळ पाण्यासारखी दिसत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि उजव्या हाताचे बोट पुढे केले.

पाठ आपोआप आकसली. धपाटा काही आला नाही.

मग बोट मातीत रुतले, गार, मऊ. मी ते खालून वर ओढत नेले. कडुनिंबाचे खोड जरा वाकडेच आले. ते होतेही तसेच. त्याच्या सावलीत मी पहिली पेटी काढायला घेतली.