गरम वड्यावरचा व्हॅट

वडा मुद्दाम गार करून विकणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, लंडनच्या वेम्बलीत. तळलेले बटाटेवडे जाळीवर मांडायची आणि पूर्ण निवल्याशिवाय कुणाला द्यायची नाही. नाव मी कधी विचारलं नाही. एका जानेवारीत मात्र वैतागलो. "अहो, गार वडा कोण खातं?"

"इथे गार खाण्यावर व्हॅट नाही, गरम विकलं की लागतो. मग भाव वाढवला की तुम्हीच आधी बोंबलणार," कढईवरून नजर न हलवता ती म्हणाली. मग तिला माझी थंडीने आखडलेली बोटं दिसली. झाऱ्यातला वडा तिने तसाच कागदात घालून पुढे केला. मी कार्ड काढलं.

"ठेवा ते खिशात. गरम मी विकत नाही, खाऊ घालते."