पथ्याचं ताट

डोंबिवलीहून निघालो तेव्हा माझ्या मांडीवर दोन पिशव्या होत्या. एकीत यांची औषधं, दुसरीत यांचे रिपोर्ट. कपड्यांची बॅग मागे डिकीत होती आणि तिच्यात मी काय भरलं होतं, हे मला तेव्हाही धड सांगता आलं नसतं. जिभेखाली ठेवायची गोळी मात्र पिशवीत नव्हती. ती माझ्या पर्समध्ये, आतल्या कप्प्यात होती, आणि कल्याण यायच्या आत माझा तो कप्पा कितीदा तरी चाचपून झाला होता.

ही दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. आदल्या पावसाळ्यात यांना हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, आता सगळं ठीक आहे, चाला, फिरा, मजा करा. डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला! घरी मी यांना साधी भाजी आणायला जाऊ देत नव्हते. स्टुलावर चढून पंखा पुसायचा नाही, जिन्यात कोणाशी बोलत उभं राहायचं नाही, आणि बाथरूमला आतून कडी लावायची नाही, असे माझे नियम होते. हे गृहस्थ आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलेले. मुकाट्याने ऐकत होते, पण चेहरा असा करायचे की बघणाऱ्याला वाटावं, मीच यांना डांबून ठेवलंय.

शेवटी आमच्या मनीषाने, म्हणजे पुण्याच्या लेकीने, परस्पर दोन रात्रींचं रिसॉर्ट ठरवून टाकलं. शहापूर तालुक्यात, डोळखांबच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. सहाच खोल्या. त्या दिवसांत अशी ठिकाणं नुकती निघायला लागली होती. खोलीत टीव्ही नाही, फोन नाही, शेजारीपाजारी नाहीत, आणि हे काहीच नसल्याचे पैसे मात्र जास्त. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘संपूर्ण एकांत’ असं छापलं होतं. त्याचा अर्थ मी एवढाच घेतला की हाकेच्या अंतरावर डॉक्टर नाही.

रस्त्याने लोक झाडं बघतात, मी दवाखान्यांच्या पाट्या बघत होते. शहापुरात त्या भरपूर दिसल्या, जिवाला बरं वाटलं. डोळखांबला आरोग्य केंद्राची पाटी दिसली आणि ती मागे पडल्यावर मी मान वळवून बघत राहिले. पुढे मग पाटी म्हणून नाही. मार्च महिना होता. सागाची पानं गळून रस्त्यावर पडलेली, गाडीखाली कडाकडा मोडत होती. मधूनच एखादा पळस अंगभर लाल फुलला होता. पाड्यांवरची माणसं दारातून गाडीकडे बघायची, हे त्यांना हात करायचे. मोबाइलवरच्या रेंजच्या दांड्या एकेक करून गेल्या, शेवटची गेली तेव्हा मी ड्रायव्हरला म्हटलं, “संतोष, अजून किती आत जायचंय रे?”

“आलंच काकी,” तो म्हणाला. हे तो मागे पडलेल्या शेणवे गावापासून म्हणत होता.

रिसॉर्ट छान होतं, खोटं कशाला बोलू. कौलारू खोल्या, शेणाने सारवलेलं अंगण, मोहाच्या झाडाखाली दगडी बाकं. मागे डोंगर एकदम अंगावर आल्यासारखा उभा. मी संतोषबरोबर सामान मोजून घेत होते तेवढ्यात हे पुढे ऑफिसात गेले. मॅनेजर दीपक, किन्हवलीकडचा तरुण पोरगा, यांच्याशी काहीतरी बोलला आणि दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बॅग जड आहे म्हणून बघतायत.

दीपक धावतच आला. माझ्या हातातल्या पिशव्या घेतल्या, माझ्यासाठी खुर्ची आणवली. “मॅडम, बसा. घाई काहीच नाही,” म्हणाला. सरबत आलं. यांना मीठ-साखर घातलेलं, मला नुसतंच लिंबूपाणी. मोठ्या हॉटेलांत बायकांना आधी विचारतात हे ऐकून होते. मनात म्हटलं, रीत आहे बाई यांची.

आमच्या खोलीची देखभाल मंजुळाकडे होती. वरच्या पाड्यावरची, हसतमुख, चाळिशीच्या आतबाहेरची बाई. तिने पलंगाच्या माझ्या बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला, घंटा ठेवली, आणि ओटा उतरताना माझं कोपर धरलं. मला संकोच झाला.

“अगं, मला येतं उतरता.”

“येतो ना बाय, पन धरला तर काय झाला?” ती म्हणाली आणि धरूनच राहिली.

दुपारी जेवणाची ताटं आली तेव्हा मात्र गोंधळ झाला. यांच्यापुढे गावठी कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकऱ्या, कांदा. माझ्यापुढे पेज, उकडलेला दुधी आणि बिनमिठाचं वरण. मनीषाने फोनवर पथ्य सांगून ठेवलं होतं, इथल्या लोकांनी चुकून ताटांची अदलाबदल केली, असं मी समजले आणि दोन्ही ताटं फिरवली. यांनी रश्श्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी मुद्दाम पाहिली नाही. पण मंजुळाचा हात तोंडाला गेला.

“बाय! तुमाला नाय चालायचा तो.”

“मला सगळं चालतं,” मी म्हटलं आणि भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला.

ती तशीच स्वयंपाकघराकडे पळाली. रात्री दोन्ही ताटांत दुधी होता. हे माझ्याकडे बघून म्हणाले, “झालं समाधान?” मला त्यात काय चुकलं ते कळलं नाही.

दुसरा दिवस उजाडला तो मोहाच्या फुलांच्या उग्र गोड वासाने. फुलं वेचायला पाड्यावरच्या बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या. हे त्यांच्यात जाऊन बसले, फुलं वेचू लागले, एक तोंडातही टाकलं. मी “अहो” म्हणून हाक मारली तर सगळ्याच बायका हसल्या. सगळ्यांना माझं हसू का येत होतं, आणि हसता हसता त्या माझ्याकडे इतक्या मायेने का बघत होत्या, याचा मी विचार केला नाही. माझं लक्ष यांच्या श्वासाकडे होतं. वाकून उठताना जरा जोरात येतोय का? बोलता बोलता थांबले का? सगळा दिवस माझा हाच उद्योग.

दुपारी माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा पलंग रिकामा. ओट्यावर नाहीत, बाकावर नाहीत, ऑफिसात नाहीत. दीपक नेमका सामान आणायला डोळखांबला गेलेला. मी अंगणात येऊन वर पाहिलं. डोंगराच्या उतारावरून धूर निघत होता. एका जागेहून नव्हे, तीन-चार जागांहून. उन्हात ज्वाळा दिसत नव्हत्या, पण धुराचे लोट सरळ वर चढत होते.

“मंजुळा! आग लागली वर! साहेब कुठायत?”

ती भांडी टाकून आली. “आग नाय बाय, राब भाजतात.” (भाताचं रोप टाकायचं त्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून, वरून माती टाकून जाळतात, तो राब.) “सायेब पन तिथंच गेलेत. आमचे पाड्याचे गोविंदासंगती. सकाळधरनं म्हनत होते, मला बघायचाय.”

तो डोंगर. तो धूर. ते ऊन. मी पर्स उघडली, आतल्या कप्प्यातून गोळी काढली, मुठीत धरली आणि पायवाटेकडे धावले. चार पावलंही गेले नसेन, मंजुळाने मला मागून मिठीच मारली.

“सोड मला!”

“नाय सोडायची. तुमाला डोंगर चढायचा नाय. मॅनेजरनं सांगून ठेवलाय.”

“अगं, साहेबांना गोळी द्यायचीय!”

“ती गोळी आदी तुमी घ्या. बसा. बसा पयली खाली. तोंड बघा कसा पांढरा झाला तुमचा.”

“मला नाही काही झालेलं! आजारी ते आहेत! हार्ट त्यांचं आहे!”

मंजुळाने माझ्याकडे जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. लहान पोर ‘मला ताप नाही’ म्हणत असलं की आपण जसं बघतो, तसं. तिने मला बाकावर बसवलं आणि पदराने माझं कपाळ पुसलं.

“सायबांनी आल्या आल्या सांगलाय, बाय. हार्ट तुमचाय. लपवून काय व्हनार? माजी सासू पन असाच म्हनायची, मला काय झाला नाय, मला काय झाला नाय.”

मग लिंबूपाणी आठवलं, घंटा, कोपर, ताटं, फुलं वेचणाऱ्या त्या बायका. सगळ्या पाड्याला माहीत होतं. डोंबिवलीहून एक बाई आलीय, तिचं काही खरं नाही, आणि तिचा नवरा बिचारा किती समजूतदार! मंजुळा मुठीतली गोळी सोडवून माझ्या तोंडात घालायला बघत होती आणि मी ओठ घट्ट मिटून बसले होते. त्याही स्थितीत माझे डोळे पायवाटेवरच होते, कारण फसवलं ते फसवलं, पण माणूस अजून वरच होता.

ऊन कलल्यावर ते दोघं उतरताना दिसले. यांचं कपाळ, मिशा, सदरा सगळं राखेने काळं झालेलं. हातात पाण्याचा रिकामा डबा. मजेत गप्पा मारत येत होते. मंजुळाने माझा दंड धरलेला पाहिला मात्र, आणि हे जागच्या जागी थांबले. पकडलो गेलो, हे त्यांना लांबूनच समजलं.

गोविंदा आणि मंजुळा आत गेल्यावर मी तोंड उघडलं.

“तुम्हाला वर काही झालं असतं ना, तर या लोकांनी धावत येऊन गोळी माझ्या जिभेखाली ठेवली असती!”

हे हसले. मोठ्याने, पोट धरून हसले. आजारपणापासून तसं हसणं मी ऐकलं नव्हतं. त्यामुळे मला आणखीच राग आला आणि मी रडायला लागले. मग हे बाकावर माझ्याशेजारी बसले. अंगाला धुराचा वास येत होता.

“मनीषानं फोनवर नुसतं सांगितलं होतं, दोघांतला एक जण हार्टपेशंट आहे. दीपकनं विचारलं, पेशंट कोण? मला ‘मी’ म्हणायचा कंटाळा आला होता गं. सगळे मला बघतात आणि आधी आवाज हळू करतात. म्हटलं, दोन दिवस साधा माणूस होऊन बघू.”

“म्हणून माझ्याकडे बोट दाखवलंत? काही वाटलं नाही तुम्हाला?”

“वाटणार होतं. पण तू तेव्हा गाडीजवळ उभी होतीस, त्या पिशव्या छातीशी धरून. मी तुझ्याकडे पाहिलं, आणि आपण खोटं बोलतोय असं वाटलंच नाही मला.”

वर राब अजून धुमसत होते. मंजुळा चहा घेऊन आली. यांना साखरेचा, मला बिनसाखरेचा. मी कप बदलला नाही.

संध्याकाळी मी गोविंदाला बोलावून घेतलं आणि खरं काय ते सांगितलं, कारण डोंगरावर यांच्याबरोबर तोच असणार होता. गोळी कधी द्यायची, कशी द्यायची, त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग ती गोळी मी यांच्या खिशात घातली. मंजुळाला सांगू नकोस, असंही मी गोविंदाला म्हटलं. का म्हटलं, ते त्याला कळलं नाही, पण त्याने मान डोलावली.

सकाळी हे पुन्हा डोंगरावर गेले. मी ओट्यावर खाटेवर पडले होते. मंजुळा माझ्या तळपायांना खोबरेल चोळत बसली.

“झोप लागते का तुमाला, बाय?”

इतक्या महिन्यांत घरी जो येई तो यांची झोप विचारायचा. मी म्हटलं, “नाही गं. लागत नाही.” ती चोळत राहिली. डोळे उघडले तेव्हा ऊन ओट्यावर आलं होतं आणि हे आंघोळ करून शेजारी पेपर वाचत बसले होते, जुना, कधीचा तरी.

निघताना मंजुळाने मला बाजूला घेतलं. “स्वताला जपा. सायेब चांगले हायेत, पन बाप्या मानूस. त्यांना समजायचा नाय.” मी हो म्हटलं.

परत येताना किन्हवली, सरळगाववरून मुरबाडला आलो. स्टँडजवळ कलिंगडांचे ढीग लागले होते. “बघून येतो,” म्हणत हे उतरले आणि बैलगाड्या, रिक्षा, धसईच्या एसटीला गर्दी केलेली माणसं, यांत दिसेनासे झाले. आधी पांढरा सदरा दिसत होता. मग तोही दिसेना. मुरबाडच्या बाजारात पांढरे सदरे काय थोडे असतात?

संतोषने घड्याळात बघितलं, मग आरशातून माझ्याकडे. “काकी, काका बराच वेळ झाला गेलेत. बघून येऊ का?”

“नको,” मी म्हटलं. “येतील.”

आणि आले. बगलेत भलंमोठं कलिंगड, घामाघूम, बाजारभावावर कुरकुर करत. “वाट बघितलीस ना?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे, झाडं बघत होते. ते येईपर्यंत मी पदराचं टोक चावून चावून ओलं केलं होतं, हे मी यांना आजतागायत सांगितलेलं नाही.