वाढ थोडी हळू आहे

प्रणिताच्या बाबांचा फोन आला तेव्हा मी मारेगावच्या बसस्टँडवर उभी होते. स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं आणि फोन उचलावासाच वाटेना. काका एरवी कधी स्वतःहून फोन करत नसत. हैदराबादहून जे काही कळायचं ते प्रणिताच कळवायची, अगदी स्वतःच्या तपासण्यांचे आकडेसुद्धा. मी हॅलो म्हटलं. पलीकडे हॉस्पिटलच्या लिफ्टचा आवाज येत होता. "ज्योती, गेली व माय आपली प्रणिता..." एवढंच बोलले. मागून काकूंचा आवाज ऐकू आला, रडण्याचा नव्हे, कुणाला तरी काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत असल्याचा. समोर माझी बस आली, भरली आणि निघून गेली.

प्रणिता मुकुटबनची. घरी कापूस, तूर, बऱ्यापैकी शेती. आम्ही यवतमाळला बीएस्सीला एका खोलीत राहिलो. मी पुढे शिक्षिका होऊन इथेच, मारेगावात राहिले, ती हैदराबादला गेली आणि एका औषध कंपनीत प्राण्यांच्या पेशी वाढवायच्या विभागात लागली. स्टीलच्या मोठ्या टाक्यांमध्ये, आईच्या पोटात असावी तेवढ्या उबेत, हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांच्याकडून कर्करोगावरचं औषध बनवून घ्यायचं, हे तिचं काम. काकूंना ते कधीच पटलं नाही. "उंदराचं औषध माणसाले कायले देता वो?" असं दर दिवाळीला विचारायच्या. प्रणिता हसून सांगायची, "उंदीर नाई देत आई, त्याच्या पेश्याईनं बनवलेलं देतो. गाईचं दूध पितो म्हणून आपण गाय खातो काय?"

एकदा सुट्टीत आली होती तेव्हा आम्ही त्यांच्या शेताच्या बांधावर बसलो होतो. तिच्या कंपनीतली एक अख्खी टाकी वाया गेली होती. कुठून तरी जंतू शिरले, सगळं ओतून द्यावं लागलं. मी म्हटलं, आधी कळत नाही का? ती म्हणाली, "लहान बाटल्याईत कळते. पेश्याईचं गुलाबी पाणी पिवळं पडते. पण मोठ्या टाकीत आकडे चांगले येत राह्यतात, आन् आपण खुश असतो. मंग एखाद्या दिवशी वाढ थोडी हळू दिसते. एवढंच. तेव्हाच समजून घ्यायचं असते... पण कोणी समजून घेत नाई." तेव्हा मला ते कामाचं बोलणं वाटलं होतं.

तिला रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं तेव्हा ती चाळिशीच्याही आत होती. पहिल्या उपचारांनी आजार दबला आणि वर्षभरात परत आला. मग डॉक्टरांनी नवा मार्ग सुचवला. तिच्याच रक्तातून पांढऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल करून त्यांना आजार ओळखायला शिकवायचं, हव्या तेवढ्या वाढवायच्या आणि परत तिच्या शरीरात सोडायच्या. काका-काकू तिच्याजवळ हैदराबादला राहायला गेले. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पेशी वाढवलेल्या प्रणिताच्या पेशी आता दुसरंच कुणी वाढवणार होतं. काकांना ते फार आवडलं. पेरणीनंतर बियाणं उगवलं का असं शेजाऱ्याला विचारावं तसं ते रोज तिला विचारायचे, "निघाल्या का वो तुह्या पेश्या?" तीही म्हणायची, "निघून राह्यल्या, बाबा."

मी भेटायला गेले होते त्या दुपारी डॉक्टर खोलीत आले आणि छान हसून म्हणाले, "प्रयोगशाळेशी बोलणं झालं. वाढ थोडी हळू आहे, बाकी काळजीचं काही नाही." काकूंनी लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवाला हात जोडले. डॉक्टर गेले. प्रणिता छताकडे बघत राहिली. काका-काकू जेवायला खाली गेल्यावर तिनं माझा हात धरला. तिचा हात गरम होता. "ज्योती, हे वाक्य आमचं हाय. टाकीतली बॅच वाया जाणार असं आम्ही कधीच म्हणत नव्हतो. वाढ थोडी हळू आहे, असंच म्हणायचो."

मी म्हटलं, अगं प्रत्येक वेळी तसंच होईल असं नाही. तिनं मान हलवली, पण ती माझी समजूत घालण्यासाठी.

प्रणिताच्या पेशींची ती बॅच वाया गेलीच. आधीच्या औषधांनी पेशी थकलेल्या होत्या, वाढल्याच नाहीत. पुन्हा काढायच्या म्हणजे मधले काही आठवडे मोठी औषधं बंद ठेवावी लागणार होती आणि तेवढ्यात आजार मोकाट सुटणार होता. हे डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं, पण त्याचा खरा अर्थ त्या खोलीत तिला एकटीलाच कळला होता. काकू म्हणाल्या, "पुरे झालं, घरी चाल." काका नुसते दाराशी उभे राहिले. प्रणिता त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, पहिली पेरणी मोडली तं तुम्ही दुबार करता ना? मंग मी काहून नाई करू?" काका बाहेर निघून गेले. मग ती मला हळूच म्हणाली, "मले माहीत हाय काय होऊ शकते ते. पण घरी जाऊन वाट पाहाची ते मले जमणार नाई. इथं निदान कशाची तरी वाट पाहून राह्यलो, असं वाटते."

दुसऱ्या वेळी पेशी वाढल्या. जोमानं वाढल्या. तिनं स्वतः फोन करून सांगितलं तेव्हा तिचा आवाज चिरकत होता. पण त्याच आठवड्यात तिच्या हातापायांवर जांभळे डाग उमटायला लागले होते. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. पेशींची पिशवी हॉस्पिटलला यायला तयार होती, आणि ताप असताना ती देता येत नव्हती. उद्या पाहू, डॉक्टर म्हणायचे. परवा पाहू. आमचं शेवटचं बोलणं झालं त्या दिवशी तिनं प्रयोगशाळेबद्दल काही विचारलं नाही, सांगितलंही नाही. एवढंच म्हणाली, "तिथल्या पोरींनी लय चांगलं काम केलं व. त्याईले सांगजो कोणी तरी..." आणि तिला धाप लागली.

मुकुटबनला तिला आणलं तेव्हा शेतांत वेचणी सुरू होती. सगळं उरकलं. तेरवी झाली. आणि मग एका दुपारी काकांनी मला बोलावून घेतलं. प्रयोगशाळेतून त्यांना फोन आला होता, इंग्रजीतलं काही कळलं नव्हतं. मी त्यांच्या ओट्यावर बसून तो नंबर लावला. पलीकडची बाई अतिशय नम्र होती. प्रणिताची पिशवी त्यांच्याकडे गोठवून ठेवलेली आहे. ती दुसऱ्या कोणालाही चालत नाही. नष्ट करायची की संशोधनासाठी ठेवायची, हे घरच्यांनी सांगावं.

मी सांगितलं तसं काकांनी विचारलं, "जित्या हाये का त्या?"

"हो काका. गोठवलेल्या आहेत, पण जिवंत आहेत."

काकू सुपात तूर पाखडत होत्या, त्यांचा हात थांबला.

"लय थंडी असन वो तिथं," त्या म्हणाल्या. "तिले थंडी सोसत नव्हती. हिवाळ्यात चुलीजवळून उठत नव्हती पोरगी."

काका म्हणाले, "शिकणाऱ्याईले द्या, तिले आवडलं असतं." काकू म्हणाल्या, "आज नको सांगू ज्योती. आज काहीच नको सांगू." मी फोनवर थोडा वेळ मागून घेतला.

आता काकू रोज संध्याकाळी मला फोन करतात. शाळेचं विचारतात, जेवणाचं विचारतात. प्रणिताचं नाव घेत नाहीत. फोन ठेवता ठेवता फक्त म्हणतात, "त्याईचा तं नाई आला ना?"

काल प्रयोगशाळेतून आला होता. शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणाले. मी काकूंना सांगितलं, नाही आला.