लाल गिटार आणि फ्रिजची चप्पल

आमच्या घरात नवीन आलेली कुठलीही वस्तू आधी सासऱ्यांच्या हातात जाते. मिक्सर असो, मोबाईलचा चार्जर असो की पाहुण्यांच्या खोलीसाठी आणलेला पंखा. ते वीजखात्यात लाइनमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या शर्टाच्या खिशातला टेस्टर काही निवृत्त व्हायला तयार नाही. आधी वस्तूचं वजन बघायचं, मग वास घ्यायचा, मग बोटाच्या पेराने टकटक करायचं, मग टेस्टर लावायचा आणि शेवटी ‘माल बरा हाय’ किंवा ‘माल न्हाय’ असा निकाल द्यायचा. गल्लीतली माणसंही नवी वस्तू घेतली की खोक्यासकट आमच्या ओटीवर येतात, आणि सासऱ्यांच्या निकालावर अपील नसतं.

निकाल बहुतेक वेळा ‘माल न्हाय’ असाच लागायचा. आमच्या घरातल्या वस्तूंना तर गेल्या काही वर्षांत त्यांनी पास केलंच नव्हतं. दोन मिक्सर दुकानात परत गेले, कारण चटणी वाटताना ते हाताला झटके द्यायचे. गिझर चावतो म्हणून सासरे बारा महिने गार पाण्याने आंघोळ करायचे आणि वर ती तब्येतीला चांगली असं सांगायचे. फ्रिज मात्र मोठा आणि जड, तो परत कोण नेणार? म्हणून त्याच्यापाशी रबरी चपलांचा एक जोड कायमचा ठेवला होता. फ्रिज उघडायचा तर चप्पल घालून, नाहीतर तो असा चिमटा काढायचा की दुधाची पिशवी हातातून सुटलीच.

मुरुडला आमच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांना देतो. जेवण मी करते. आलेल्या प्रत्येकाला मी सांगायचे की थंड पाणी हवं तर खुशाल घ्या, पण तेवढी चप्पल घाला. पुण्याच्या एका बाईंना वाटलं हा आमच्याकडचा काहीतरी कुळाचार आहे. त्यांनी आधी पाय धुतले, मग चप्पल घातली आणि फ्रिज उघडण्यापूर्वी हात जोडले. मला हसू आवरेना म्हणून मी माडीवर निघून गेले.

अशा या घरात मी गिटार मागवली. वय पंचेचाळिशीच्या पुढे, दिवसभर हात मसाल्यात. एकदा खोली झाडताना एका पाहुण्याच्या गिटारीला माझा हात लागला होता, आणि तिचा तो आवाज बराच वेळ माझ्या अंगात राहिला. तेवढंच कारण. इलेक्ट्रिकच का घेतली, तर ती लाल होती. स्वस्तातलीच होती, पण माझ्या स्वतःसाठी मी आयुष्यात मागवलेली ती पहिली बिनकामाची वस्तू होती. ही परत गेली तर दुसरी कधीच येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. एकदा परत करायची लाज वाटली की माणूस पुन्हा हौस करत नाही.

गिटार कशी तपासावी याचे व्हिडिओ मी भाकऱ्या थापता थापता पाहून ठेवले होते. तिची मान डोळ्यासमोर धरून बघायची, सरळ आहे का. मानेवरच्या बारीक पट्ट्यांच्या टोकांवरून बोट फिरवायचं, टोचतात का. तारा पिळायच्या खुंट्या सैल आहेत का. खोकं उघडून मी सगळं केलं. मान सरळ होती. पट्ट्या दोन ठिकाणी टोचत होत्या, पण कोळंबी सोलून सोलून माझी बोटं केव्हाच तयार झालेली. एक खुंटी जरा ढिली होती, तिला मी माफ केलं. माझ्या हिशेबाने गिटार पास होती.

मग ती सासऱ्यांकडे गेली. त्यांनी वजन केलं, बरं होतं. वास घेतला, व्हार्निश ताजं होतं. टकटक केली आणि आतून भरीव आहे म्हणून मान डोलावली. मग तार छेडली तर जेमतेम तुणतुण. आवाज कुठाय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हिला हा सोबत आलेला अँप्लिफायर लागतो, वायर लावून प्लगात घालायचा. हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला, कारण जिला तीन पिनांचा प्लग आहे ती प्रत्येक वस्तू त्यांच्या हद्दीत येते.

प्लग लावला, बटण दाबलं आणि घरभर घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडावा तसा. मी तारेला बोट लावलं तर घुरघुर वाढली आणि बोटांना झिणझिण्या आल्या. सासऱ्यांनी तारेला टेस्टर लावला. आतला दिवा मिणमिणला.

“माल न्हाय,” ते म्हणाले. “परत कर.”

सासूबाई धुणं वाळत घालायला निघाल्या होत्या, त्या बादली घेऊन दारातच थांबल्या. लाल रंग छान आहे हो, एवढं त्या म्हणाल्या. धुण्याच्या दिवशी त्यांच्या हातांना मुंग्या यायच्या. मुरुडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण त्यांनी स्वतःच तो वात ठरवून तेल चोळणं चालू ठेवलं होतं. नवऱ्याकडे मी आशेने बघितलं. अशा वेळी त्याला नेहमी पाण्याची टाकी भरली का ते बघायचं असतं. तो गच्चीवर गेला.

मी परत करायचा अर्ज मोबाईलवरून केला. न्यायला माणूस सोमवारी येणार होता. मध्ये शनिवार-रविवार होता आणि नेमक्या खोल्या रिकाम्या होत्या. तळा गावाला माझं माहेर आहे. मला वाटलं, जायचीच आहे तर निदान दोन दिवस कुणाचा निकाल न ऐकता वाजवून घ्यावी. गिटार आणि अँप्लिफायर घेऊन मी एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, वहिनी, ऑर्केस्ट्रा कुठे आहे? मी म्हटलं, भावाकडे. खोटं काहीच नव्हतं.

भावाच्या नव्या घरात प्लग लावला, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. घूं नाही, घुरघुर नाही. मला वाटलं, बिघडलीच की ही प्रवासात. मी तार छेडली आणि असा स्वच्छ, गोल आवाज आला की मागच्या खोलीतून वहिनी बाहेर आली. मी पुन्हा छेडली. झिणझिण्याही नाहीत. मला तेव्हाही कळलं नाही, हे सांगायला हवं. मी समजले की तळ्याची हवा मानवली असेल, खारा वारा नाही.

कळलं ते पाणी प्यायला उठले तेव्हा. एरवी माहेरी मला पाणीसुद्धा हातात मिळतं, पण वहिनी भाजीला फोडणी देत होती, म्हणून मी फ्रिजपाशी गेले आणि इकडेतिकडे बघत विचारलं, “वहिनी, चप्पल कुठं ठेवता?”

वहिनीने झारा हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलं. फ्रिजला चप्पल कशाला, तिने विचारलं. मी हळूच अनवाणी पायाने फ्रिजला एक बोट लावलं. फ्रिज गप्प होता. मग पूर्ण पंजा ठेवला. मग दार चार-पाच वेळा उघडलं आणि मिटलं. वहिनीला वाटलं असेल, मुरुडकडे हिचे फार हाल चाललेत.

दोन्ही मिक्सर, गिझर, फ्रिज, गिटार. कुणाचाच माल खराब नव्हता. इतकी वर्षं सासऱ्यांचं ऐकून एवढं मला कळत होतं: आमच्या घराचं अर्थिंग गेलं होतं, म्हणजे भरकटलेला करंट जमिनीत सोडणारी तार कुठेतरी तुटली होती. आणि घराचं वायरिंग सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं होतं. दुनियेच्या वस्तूंना टेस्टर लावणाऱ्या या माणसाने स्वतःच्या कामाला मात्र तो कधी लावला नव्हता, कारण स्वतःचं काम चोख असतं हे त्यांना माहीत होतं.

परतीच्या एसटीत मला त्यांचा भयंकर राग आला. दोन मिक्सर! पण हे तोंडावर सांगायचं कसं? मी नवीन नवरी म्हणून आले तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात एकच पिवळा बल्ब होता आणि पहिल्याच दिवशी मी आमटीत दोनदा मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी गॅसच्या बरोबर वर ट्यूब लावली. त्या माणसाला ‘तुमचं वायरिंग नापास’ असं सांगायचं, तेही एका लाल गिटारीसाठी? माझ्याने ते होणार नव्हतं. आणि गिटार द्यायलाही मन होत नव्हतं.

मग मी सरळ थाप मारली. सोमवारी सकाळी चहा देताना म्हटलं, “बाबा, गिटारवाले विचारतायत, घराचं अर्थिंग ठीक आहे ना. लिहून द्या म्हणतात, नाहीतर परत घेणार नाहीत.”

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. माझ्या घराचं अर्थिंग, असं त्यांनी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. मग पेटी उघडून होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब काढला आणि मला, नवऱ्याला, सासूबाईंना प्लगासमोर उभं केलं. एक वायर करंटात, दुसरी अर्थिंगच्या भोकात. अर्थिंग चांगलं असेल तर बल्ब लख्ख पेटतो, बघून ठेवा आणि त्या लोकांना कळवा, असं सांगून त्यांनी बटण दाबलं.

बल्ब पेटला नाही. त्यांनी बल्ब बदलला. तोही पेटला नाही. मग दुसऱ्या खोलीतला प्लग, मग तिसऱ्या. नवऱ्याने टाकीचं नाव काढलं, पण मी त्याचा हात धरून ठेवला.

सासरे मीटरपाशी गेले आणि तिथून निघालेली अर्थिंगची तार बोटाने धरत धरत चालू लागले. आम्ही मागे. तार भिंतीतून मागच्या दारी बाहेर पडली, न्हाणीघराच्या बाजूने गेली आणि पडवीच्या कोपऱ्याला आली. तिथून ती खाली नारळाच्या बुंध्याशी पुरलेल्या पत्र्याकडे जायला हवी होती. तिथला नारळ मागच्या मोठ्या वादळात मुळासकट उपटला होता. तार खाली गेलीच नाही. ती सरळ आडवी जाऊन पलीकडच्या खांबाला घट्ट बांधलेली होती, आणि तिच्यावर दोन चादरी, माझा गाऊन आणि सासऱ्यांचे तीन बनियन वाळत होते.

सासूबाई पुढे आल्या. वादळात दोरी तुटली होती, त्या सांगू लागल्या, आणि ही तार नुसतीच लोंबत होती. चांगली जाड, गंजणारी नव्हे. म्हणून त्यांनी ती ओढून बांधली.

आता वीजखात्यातला सगळा आवाज बाहेर पडणार असं मला वाटलं. पण सासरे तारेकडे नाही, सासूबाईंच्या हातांकडे बघत होते.

“मुंग्या धुणं वाळत घालतानाच यायच्या?”

“व्हय,” सासूबाई म्हणाल्या. “मला वाटलं, वय झालं.”

सासरे न्हाणीघराच्या पायरीवर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. आयुष्यभर खांबावर चढलेल्या त्या माणसाला ओल्या हातांचा आणि त्या तारेचा अर्थ आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होता. त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला, आमच्या देखत, जे मी या घरात कधीच पाहिलं नव्हतं. मग उठून मेन स्विच बंद केला, चादरी आणि बनियन स्वतः काढले आणि नवऱ्याला कुदळ आणायला सांगितलं.

दुपारपर्यंत खड्डा झाला. त्यात नवा पत्रा, कोळसा आणि जवळच्या मिठागरातलं खडे मीठ गेलं, वर बादलीभर पाणी. गिटार न्यायला आलेला माणूस फाटकाशी उभा होता. सासऱ्यांनी मातीच्या हातानेच त्याला थांब म्हणून खूण केली, घरात गेले, पाय धुतले आणि ओल्या पायांनी फ्रिजसमोर उभे राहून दार उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. चपलांचा जोड उचलून त्यांनी मागच्या दारी टाकला. मग मला म्हणाले, लाव तुझी गिटार.

मी लावली. घरात शांतता होती. फाटकावरचा माणूसही ऐकत होता. माहेरी दोन दिवसांत शिकलेलं एकमेव गाणं मी वाजवायला घेतलं, आणि माझ्या लक्षात आलं की ती घुरघुर असती तर तिने माझं बरंच काही झाकलं असतं. सुटलेला प्रत्येक सूर, चुकलेलं प्रत्येक बोट स्वच्छ ऐकू येत होतं. सासऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“माल बरा हाय,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “मालात काय दोष न्हाय.”

त्यांनी फाटकावरच्या माणसाला चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं.

आता उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात रोज पाणी घालावं लागतं, नाहीतर ती माती सुकते, असं सासरे म्हणतात. सासूबाईंना नवी नायलॉनची दोरी मिळाली आहे आणि मुंग्या गेल्यात. संध्याकाळी माझी वाजवायची वेळ आणि सासऱ्यांची पाणी घालायची वेळ एकच असते. एक बादली ओतायला कितीसा वेळ लागतो? पण माझं गाणं संपेपर्यंत ते तिथेच मागच्या दारी उभे असतात. मला वाटायचं, बिचारे माझ्या वाजवण्यापासून लांब पळतात. परवा एक जागा काही केल्या बोटात बसेना, म्हणून वैतागून मी मध्येच थांबले. मागच्या दारातून लगेच हाक आली.

“का गो, थांबली का? लाईट गेली?”