हाताला लागणारी पुस्तके

बेळगावच्या शहापुरातल्या त्या दुकानात मी गेलो, कारण मला एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे होते. पुण्याला नोकरी करणाऱ्या नातवाचा फोन आला होता. गणपतीला यायचे त्याच्या मनात होते. पण ज्या पुरुषाबरोबर तो संसार करतो, त्यालाही आणायचे होते. घराला ते चालणार नसेल, तर तो एकटाही येणार नव्हता. त्याच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, एवढे ऐकून फोन माझ्या हाती दिला आणि तो अंगणात निघून गेला. गणपती माझ्या घरात बसतो, तेव्हा उत्तर माझ्याकडूनच जायला हवे होते. मी जन्मभर वकिली केली. कागद वाचल्याशिवाय मत देत नाही. दोन दिवस दे, असे सांगून मी फोन ठेवला.

समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांविषयीची पुस्तके ठेवणारे एक दुकान निघाल्याचे वर्तमानपत्रात वाचले होते. मुलाने मोटारीतून बोळाच्या तोंडापर्यंत आणले आणि माझी चाकाची खुर्ची ढकलत दारापर्यंत नेली.

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर बेळगावचा सारा बाजार मी रस्त्यावर बसून केला आहे. पायरी आली की खुर्ची थांबते आणि दुकानदार अदबीने माल बाहेर घेऊन येतो. त्यात मान असतो, हे मला कळते. परंतु चार धोतरे समोर येतात, त्यांतले एक घ्यायचे. आत आणखी काय आहे, ते दिसत नाही.

मुलाने इथेही तेच सांगितले. आप्पा बाहेरच बसतील, चार पुस्तके आणून दाखवा. दुकान चालवणारी चाळिशीची बाई दारात आली.

"आम्ही बाहेर आणत न्हाय," ती म्हणाली. "आप्पा आत येतील."

तिने दारामागची रुंद फळी काढून पायरीवर टाकली. मुलगा पुढे झाला, तशी तिने मलाच विचारले, ढकलू की तुम्ही येता? मला असे कोणी विचारत नाही. मी माझ्या हातांनी चाके फिरवून आत गेलो. मुलगा बोळातच राहिला.

खोली लांबलचक होती. पूर्वी तिथे शहापुरी साड्यांचे हातमाग होते. मागाचे खड्डे फळ्यांनी बुजवून जमीन सपाट केली होती. मराठी, कानडी, इंग्रजी पुस्तके एकमेकांत मिसळून लावलेली. एक तृतीयपंथी बाई जमिनीवर बसून ती पुसत होती. "चाक जपून हो आप्पा," ती म्हणाली, "साडी नवी हाय. फाटली तर शहापुरातलीच घेऊन द्यावी लागंल." मी खुर्ची वळवून घेतली.

मग माझ्या ध्यानात आले, की पुस्तकांची एकही फळी माझ्या खांद्याच्या वर नव्हती. त्यावर आढ्यापर्यंत नुसती पांढरी भिंत. एवढी जागा वाया का घालवली, असे मी दुकान चालवणाऱ्या बाईंना विचारले. खुर्चीवाल्यांची सोय, असे उत्तर येईल, हा माझा अंदाज होता.

"हितं येणाऱ्या लई जणांच्या तोंडातून पुस्तकाचं नाव निघत न्हाय," त्या म्हणाल्या. "काय पाहिजे विचारलं, की माणूस माघारी जातंय. म्हणून न मागता हाताला लागलं पाहिजे."

न्यायालये पाहिली, कचेऱ्या पाहिल्या, देवळे पाहिली. ज्याला मागता येत नाही, त्याचा विचार करून बांधलेली खोली मी प्रथमच पाहत होतो. पुष्कळ वेळ मी त्या भिंतीकडे पाहत राहिलो. नंतर हात लांबवून एक पुस्तक काढले, चाळले, परत ठेवले, दुसरे काढले. दुसरे एका आईने आपल्या मुलाविषयी लिहिलेले होते. तिथेच वाचायला घेतले. कोणी काही विचारले नाही.

निम्मे वाचून झाले, तेव्हा उंबऱ्याशी मुलाच्या चपला वाजल्या. उशीर झाला म्हणून तो बोलवायला आला होता. मी पुस्तक विकत घ्यायला बाईंपुढे केले. बाईंनी विचारले, खाकी कागदाचे कव्हर घालून देऊ का? शाळेच्या पुस्तकांना घालतात तसे. भरल्या घरात राहणारे बहुतेक जण घालून नेतात, असे त्या म्हणाल्या.

"नको," मी म्हणालो. "माझ्या घरी ते उघडेच राहील."

मुलगा पुस्तकाकडे पाहत होता. मी त्याच्याकडे न पाहता खिशातून फोन काढला आणि नातवाला लावला. मत द्यायला दोन दिवस लागले नव्हते.

"दोघे या," मी म्हणालो. "माडीवरची खोली तुमची."



"आप्पा," मुलगा मागून म्हणाला, "माडीवर पंखा न्हाय. त्याला सांगा, उद्या बसवून घेतो म्हणून."

मी फोन त्याच्या हातात दिला. फोन घेऊन या खेपेला तो बाहेर गेला नाही.